मधली तार

शिवगंगा पहिल्यांदा मॅट्रिकला बसली तेव्हा बाकीचे सगळे विषय निघाले आणि तबियातमध्ये ती राहिली. तबियात म्हणजे पदार्थविज्ञान. त्यातही तरफा, उष्णता, आरसे हे तिला नीट येत होतं. गाडी रुतली होती ती विजेच्या धड्यांत.

मुरुमला तेव्हा वीज नव्हती. घराघरांत घासलेटचे कंदील होते, आणि वीज म्हणजे पावसाळ्यात आभाळात कडाडायची तेवढीच. राज्य हैदराबादचं, म्हणून पुस्तक उर्दूत होतं. त्यात विजेला बर्क म्हटलेलं, विद्युतभाराला बार, क्षेत्राला मैदान आणि तारेच्या रोधाला मजाहमत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषा शिवगंगाच्या जिभेवर लहानपणापासून होत्या, तेव्हा शब्दांची तिला भीती नव्हती. पण शब्द कळले तरी त्यांच्यामागं काही दिसत नव्हतं. मैदान म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं आठवड्याचा बाजार भरायचा ते मैदान यायचं, धूळ आणि बैलांसकट.

ती तेविसाव्या वर्षात होती. लग्न लहानपणीच झालं होतं आणि नवरा प्लेगात गेला होता. वडील शिवलिंगप्पा कापडाचे व्यापारी, शांत स्वभावाचे. त्यांनी तिला घरात बसवून ठेवलं नाही, शिकवलं, आणि पुढं ती मुलींच्या तहतानिया, म्हणजे प्राथमिक, शाळेत मास्तरीण झाली. ते काम तिनं आयुष्यभर केलंही असतं. पण एका हिवाळ्यात प्लेगची लस टोचायला हैदराबादहून एक लेडी डॉक्टर आली. खेड्यांतल्या बायकांना तिची भाषा कळेना आणि तिला बायकांची. शिवगंगा तिच्याबरोबर दुभाषी म्हणून गावोगाव हिंडली. परत जाताना डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, विज्ञान घेऊन मॅट्रिक हो आणि हैदराबादला ये, पुढचं मी बघते. तेव्हापासून शिवगंगाला शाळेतलं अलिफ-बे शिकवणं गोड लागेना.

पुढच्या परीक्षेला आता तबियातचा तेवढा एकच पेपर द्यायचा होता. तो शिकवायला आला तिचा आतेभाऊ महांतप्पा. तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, म्हणून तिला अक्का म्हणायचा. मॅट्रिकला त्याला याच विषयात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते. पुढं शिकायचं सोडून तो वडलांच्या अडतीवर बसला, तरी भाच्याची हुशारी शिवलिंगप्पा अजून चारचौघांत सांगत. दुपारी बाजार थंडावला की महांतप्पा यायचा आणि दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर, दोघं खडू घेऊन बसायची. शिवगंगाची आई लक्ष्मम्मा दारात ज्वारी निवडत असायची.

शिकवायची त्याची रीत सोपी होती. उदाहरण वाचायचं, कुठला फार्म्युला लागतो ते ओळखायचं, आकडे घालायचे. पहिले काही दिवस बरे गेले. मग दोन भारांचं उदाहरण आलं. चार एकक आणि नऊ एकक असे दोन सारख्या जातीचे भार दहा सेंटीमीटर अंतरावर ठेवलेत, तर मैदानाची ताकद कुठल्या जागी शून्य होईल?

महांतप्पानं एका दमात सांगितलं की समीकरण मांडून दोन्ही बाजूंचं वर्गमूळ काढायचं, उत्तर चार येतं. म्हणजे लहान भारापासून चार सेंटीमीटरवर, दोघांच्या मधे. शिवगंगानं वर्गमूळ काढलं नाही. तिनं समीकरण सगळं उलगडून मांडलं, आणि तिची दोन उत्तरं आली. एक चार, एक उणे वीस.

"उणे वीस सोडून दे," महांतप्पा म्हणाला. "उणे लांबी नसती."

शिवगंगा म्हणाली की उणे म्हणजे लांबी नाही असं नव्हे, उणे म्हणजे दुसऱ्या बाजूला. चार एककांच्या भाराच्या पलीकडं वीस सेंटीमीटर मोजता येतात, तिनं फरशीवर मोजूनही दाखवले. तिथं जाऊन हिशेब केला तर चार भागिले चारशे आणि नऊ भागिले नऊशे, दोन्ही अगदी सारखे येतात. मग तिथं शून्य का नाही?

महांतप्पानं पुस्तकाच्या शेवटचं पान उघडून दाखवलं. उत्तर चार, एवढंच छापलेलं होतं.

"ते मला दिसतंय," ती म्हणाली. "का, ते सांग."

त्यानं पुन्हा उणे लांबीचं म्हटलं, तिनं पुन्हा खडूनं वीस सेंटीमीटरवर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं पुढचा धडा काढला तर तिनं पुस्तक मिटून ठेवलं. ते उदाहरण सुटल्याशिवाय तिचं चित्त पुढं जाईना, आणि तिचं चित्त जात नाही म्हणून त्याचा पारा चढला. अडतीवर त्याला कामं होती, वडील रोज विचारत होते की मामाच्या घरी तू एवढा वेळ काय करतोस.

"अक्का, तुला पास व्हायचंय का मला हरवायचंय?" तो म्हणाला.

ती म्हणाली, "तुला तरी हे कळलंय का?"

तो उठला, हातावरचा खडू धोतराला पुसला आणि लक्ष्मम्माला नमस्कार न करताच निघून गेला. त्यानंतर तो आला नाही.

त्या दिवसांत शिवगंगा कुणाशी धड बोलत नव्हती. शाळेत मुलींना ओरडायची आणि मग स्वतःचाच राग येऊन त्यांना लवकर सोडायची. शिवलिंगप्पांनी जेवताना हळूच विषय काढला. उमरग्याच्या शाळेत सदर मास्तरणीची, म्हणजे मुख्याध्यापिकेची, जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेला विज्ञान लागत नव्हतं. ते म्हणाले की तिथं तुला मान आहे, घराजवळ आहेस, उगीच का जीव जाळतेस. अप्पांचं बोलणं चूक नव्हतं, आणि चूक नव्हतं म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

एका दुपारी ती एकटीच फरशीवर बसली. महांतप्पा नव्हता, त्यामुळं फार्म्युला आठवायची घाई नव्हती. तिनं दोन भारांच्या जागी दोन वाट्या ठेवल्या आणि मधे तुरीचा एक दाणा. पुस्तकात लिहिलं होतं की मैदान बघायचं तर तिथं एक छोटा भार ठेवल्याची कल्पना करावी. आतापर्यंत तिनं ती ओळ तोंडपाठ केली होती, केलं काहीच नव्हतं. तिनं दाण्याला विचारल्यासारखं केलं की डावी वाटी तुला कुठं ढकलती? उजवीकडं. तिनं खडूनं बाण काढला. उजवी वाटी कुठं ढकलती? डावीकडं. दुसरा बाण. दोन बाण समोरासमोर आले. मग तिनं दाणा उचलला आणि डाव्या वाटीच्या पलीकडं, वीस सेंटीमीटरवरच्या फुलीवर ठेवला. डावी वाटी त्याला डावीकडं ढकलत होती, उजवी वाटीही डावीकडंच. दोन बाण एकाच दिशेला, एकामागं एक.

ताकद सारखी होती, पण तिथं ती एकमेकांना मारत नव्हती, दुप्पट होत होती.

तिला आनंद झाला नाही. उलट इतका संताप आला की वाटी पायानं उडाली आणि गठ्ठ्यांखाली गेली. एवढंसं होतं ते. दोन बाण. पुस्तकानं ते काढले नव्हते, मास्तरांनी काढले नव्हते, महांतानं काढले नव्हते, आणि तीही महिनाभर आकड्यांत डोकं खुपसून बसली होती.

पदर सावरून ती तशीच बाजारात गेली. अडतीवर हमाल करडईची पोती लावत होते, महांतप्पा काट्यापाशी उभा होता. एवढ्या लोकांत अक्का आलेली बघून तो बावरला. ती पोत्यावर बसली आणि बाणांचं सांगू लागली. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग ऐकलं, मग तिच्यापुढं उकिडवा बसला आणि बोटानं धुळीत बाण काढून बघितले.

"मी परीक्षेत लिवलं होतं, उणे लांबी नसती," तो शेवटी म्हणाला. "पुरे मार्क मिळाले होते मला."

त्याचा चेहरा पडला होता. जिंकल्यासारखं काही तिला वाटलं नाही. उद्यापासून येतोस का, एवढंच तिनं विचारलं, आणि तो व्हय म्हणाला.

त्यानंतर त्यांचं शिकणं बदललं. आता कोणी कोणाला शिकवत नव्हतं, दोघं मिळून अडत होती. मजाहमतीचा धडा निघाला. एकामागून एक जोडलेल्या तारा असल्या की अडथळ्यांची बेरीज, शेजारीशेजारी जोडलेल्या असल्या की दुसरी रीत. दोन्ही रीती जमल्या. मग धड्याच्या शेवटचं उदाहरण आलं.

आकृतीत चार तारांचा चौकोन होता. डाव्या टोकाला वीज आत शिरत होती, उजव्या टोकातून बाहेर पडत होती. वरच्या वाटेवर दोन आणि चार ओहमच्या तारा, खालच्या वाटेवर तीन आणि सहाच्या. एवढंच असतं तर दोघांनी ते चुटकीसरशी केलं असतं. पण वरच्या वाटेचा मध्य आणि खालच्या वाटेचा मध्य जोडणारी पाचवी एक तार होती, पाच ओहमची, चौकोनाला मधून कापणारी. सगळ्याची मिळून मजाहमत किती?

ती मधली तार कोणाच्या मागं नव्हती आणि कोणाच्या शेजारी नव्हती. महांतप्पानं ती वरच्या चारला जोडली, उत्तर भलतंच आलं. शिवगंगानं खालच्या सहाला जोडली, ते आणखी भलतं. शेवटच्या पानावर उत्तर छापलेलं होतं, तीन दशांश सहा. कुठं पोचायचं ते माहीत होतं आणि वाट सापडत नव्हती. फरशी पुसून पुसून ओली व्हायची, वाळली की पुन्हा तोच चौकोन. लक्ष्मम्मा एकदा म्हणाली की ही रांगोळी तुम्ही दारात तरी काढा.

संक्रांतीच्या आसपास एक दिवस महांतप्पा हसत आला. त्यानं चौकोन काढला, मधल्या तारेवर अंगठा फिरवून ती पुसून टाकली, आणि उरलेल्या दोन वाटांचा हिशेब केला. वरची सहा, खालची नऊ. सहा गुणिले नऊ, भागिले पंधरा. तीन दशांश सहा.

"जमलं," तो म्हणाला.

शिवगंगा त्या पुसलेल्या जागेकडं बघत राहिली.

"ती तार काढायला तुला कुणी सांगितलं?"

"उत्तर आलं की अक्का."

"पुस्तकात तार हाय. तू पुसलीस म्हणून ती जाती व्हय?"

तो म्हणाला की परीक्षेत असंच लिही, मार्क पडतील. ती म्हणाली की मग आजचा तू आणि उणे लांबीवाला तू यात फरक काय. हे तिनं बोलायला नको होतं. तो रुसला, पण या वेळी गेला नाही. दोघं तोंडं फिरवून बसली. पुढचे कितीतरी दिवस ती तार त्यांच्यामधे तशीच राहिली. शिवगंगानं आकडे बदलून बघितले, सहाच्या जागी सात घातले, तेव्हा महांताची रीत चालते की नाही ते ताडून बघायला उत्तरच छापलेलं नव्हतं. शाळेत गणिताची पाटी तपासताना तिला चौकोन दिसायचा. चपाती लाटताना दिसायचा. कधी कधी तिला वाटे की उमरग्याची जागा घ्यावी आणि सुटावं.

परीक्षेचं केंद्र धाराशिवला होतं. शिवगंगाला सोडायला महांतप्पाच निघाला. महायुद्धाची लढाई संपली होती तरी पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं बसवलेल्या भट्टीत कोळसा टाकायचा, ढवळायचा, आणि चढ आला की माणसांनी उतरायचं. नळदुर्गपर्यंत ती बरी आली. तुळजापूरच्या अलीकडच्या चढावर थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर भट्टीत सळई घालून बसला आणि उतारू रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसले.

शिवगंगाला बसवेना. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि इथं उन्हात गाडी मेलेली. रागानं तिनं एक दगड उचलला आणि सडकेच्या कडेला, कडक मातीवर, चौकोन ओढला. महांतप्पा कंटाळून म्हणाला की आज तरी ते नको. तिनं ऐकलं नाही.

या वेळी तिनं मजाहमत मोजायला घेतली नाही. पूर्ण चौकोनाला अठरा व्होल्टचा दाब लावला आहे असं तिनं धरलं. अठराच का, तर सहानं आणि नऊनं दोन्हींनी भाग जातो म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. मधली तार तिनं पुसली नाही. तिच्यातून काहीच वाहत नाही असं क्षणभर समजू, आणि खोटं ठरतं का बघू, असं ती स्वतःशीच बोलली. वरच्या वाटेनं अठरा भागिले सहा, तीन अँपियर. पहिल्या दोन ओहमच्या तारेवर सहा व्होल्ट खर्च झाले. खालच्या वाटेनं अठरा भागिले नऊ, दोन अँपियर. पहिल्या तीन ओहमच्या तारेवर खर्च किती?

सहा.

तिनं ते परत केलं. पुन्हा सहाच.

"महांता, इकडं ये," ती म्हणाली. "मधल्या तारेच्या या टोकाला सहा खर्च होऊन बारा उरलेत. त्या टोकालापण बाराच उरलेत."

महांतप्पा वाकून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मग ती वाहंल कशाला?"

"न्हाईच वाहत. ती तिथं हाय, पण तिच्यातनं काही जात न्हाय."

"म्हणजे काढली काय आन् ठेवली काय."

"आता काढ," शिवगंगा म्हणाली. "आता काढायला माझी ना न्हाय."

वरचे तीन आणि खालचे दोन मिळून पाच अँपियर. अठरा भागिले पाच, तीन दशांश सहा. महांतप्पानं आकडा मातीत लिहिला आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. लिंबाखालची माणसं बघत होती की ही शहाणीसुरती दिसणारी दोघं रस्त्यात काय खेळताहेत. तेवढ्यात गाडीनं धूर सोडला आणि ड्रायव्हर हाका मारू लागला.

दुसऱ्या दिवशी शिवगंगा पेपर देऊन बाहेर आली ती इतक्या लवकर, की फाटकापाशी उभा असलेला महांतप्पा धावतच पुढं आला. ती तरातरा चालत होती. बरोबरीनं येत त्यानं विचारलं की अवघड होता का.

अवघड नव्हता, हेच तिचं गाऱ्हाणं होतं. विजेवर दोनच प्रश्न होते. मजाहमतीची व्याख्या लिहा, आणि इमारतीवर वीज पडू नये म्हणून जी सळई लावतात तिचं वर्णन करा. गणित एकच, एकामागून एक जोडलेल्या तीन तारांचं, नुसती बेरीज. दोन भार नाहीत, चौकोन नाही, मधली तार नाही. मागल्या वर्षी ती यावर नापास कशी झाली तेच तिला आता कळेना.

"वर्षभर मी कशासाठी डोकं फोडलं?" ती म्हणाली.

महांतप्पानं विचारलं, "पास व्हशील ना पण?"

"व्हईन."

"मग तुला राग कशाचा येतोय?"

ती थांबली. विचार करून म्हणाली, "मला विचारलं न्हाय त्याचा."

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी डोळे मिटून बसली. तुळजापूर मागं पडलं तेव्हा महांतप्पा हलक्या आवाजात म्हणाला की अक्का, सहाच्या जागी तू सात घातले होतेस बघ. तसं केलं तर दोन्ही टोकांना दाब सारखा राहत नाही. मग मधल्या तारेतून वाहणार. मग ती काढता येणार नाही. मग काय करायचं?

असा प्रश्न त्यानं आजवर स्वतःहून कधी काढला नव्हता. शिवगंगानं डोळे उघडले. तिनं मनातल्या मनात आकडे फिरवले, अणदूरपर्यंत फिरवले, नळदुर्गच्या पुढंही फिरवले, आणि हात टेकले.

"मला न्हाय येत," ती म्हणाली, आणि दोघंही पुन्हा वैतागून बसली.

निकाल लागला, ती पास झाली. उमरग्याच्या जागेचं शिवलिंगप्पांनी परत नाव काढलं नाही. स्वतः बाजारात जाऊन त्यांनी तिच्यासाठी लोखंडी पेटी आणली आणि लक्ष्मम्मानं त्यात शेंगदाण्याची चटणी, करडईच्या तेलाची बाटली आणि चार लुगडी भरली. हैदराबादला डॉक्टरीणबाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. जनाना कॉलेजच्या बोर्डिंगात पुरुषांना आत सोडत नव्हते, म्हणून सोबत आलेल्या महांतप्पानं पेटी दारातच ठेवली. नीट राहा, असं तो म्हणाला. तू अडतीवर भांडू नकोस, असं ती म्हणाली.

त्याची परतीची गाडी रात्रीची होती. दुपार काढायची म्हणून तो जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेला आणि एका दुकानदाराला त्यानं तबियातचं पुस्तक मागितलं. मॅट्रिकचं की इंटरचं, असं दुकानदारानं विचारलं. कुठलंही चालेल, महांतप्पा म्हणाला, फक्त त्यात चौकोनाला मधून कापणारी तार असली पाहिजे, आणि तिच्यातून वीज वाहत असली पाहिजे. दुकानदारानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, एक पुठ्ठा सुटलेलं जाड पुस्तक हातात दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

महांतप्पानं तिथंच उभ्यानं पान शोधून काढलं. चौकोन होता. तारही होती. पण खाली जे लिहिलं होतं त्यात तीन समीकरणं एकदम मांडलेली होती, आणि पहिलंच कुठून आलं ते त्याला कळेना. त्यानं ते दोनदा वाचलं, कपाळाला हात लावला, चिडून पुस्तक मिटलं. मग बगलेत मारून दुकानदाराला भाव विचारला.